पिळाचे माप



हेलिकॉप्टरची घरघर कानावर आली की खेड्यातली शाळा मिनिटभर तरी सुटतेच. गुरुजी कितीही कडक असोत, मुले खिडक्यांशी धावतात, आणि खरे सांगायचे तर गुरुजींचीही मान वर होते. शेतातला माणूस हातातले काम थांबवून डोळ्यांवर हात धरतो. पुराच्या दिवसांत तर त्या घरघरीला जिवाचे मोल येते. खालून दिसते ते गरगर फिरणारे पाते. ते पाते ज्या नटाने जागेवर धरलेले असते तो नट मात्र खालून दिसत नाही. आणि तो नट ज्या पान्याने आवळला तो पाना तर कुठल्यातरी हँगरमध्ये, पेटीत, कुलपात पडलेला असतो. आज मी त्या पान्याविषयी बोलणार आहे, आणि असे पाने घडविण्यात ज्या एका घराण्याच्या पिढ्या गेल्या, त्या घराण्याविषयीही.

आधी हेलिकॉप्टरचे दुखणे समजून घेऊ. साध्या विमानाचे पंख अंगाला पक्के जोडलेले असतात. इंजिन विमानाला पुढे लोटते आणि पंखांवरून वाहणारी हवा त्याला उचलून धरते. हेलिकॉप्टरमध्ये पंखच फिरतात. मध्यम आकाराच्या हेलिकॉप्टरची वरची पाती मिनिटाला साधारण ३०० ते ४०० फेरे घेतात. गोफणीत दगड घालून फिरवला म्हणजे तो हाताला कसा बाहेर ओढतो, हे आपल्या राखणदारांना सांगायला नको. इथे दगडाच्या जागी कित्येक मीटर लांबीचे पाते असते, आणि ते मधल्या तुंब्याला काही टनांच्या जोराने बाहेर ओढत असते. शिवाय हेलिकॉप्टर पुढे जात असताना प्रत्येक फेऱ्यात पाते एकदा वाऱ्याला सामोरे जाते आणि एकदा वाऱ्याबरोबर मागे येते. त्यामुळे त्याच्यावरचा भार सारखा कमीजास्त होत राहतो. म्हणजे हे यंत्र उडते तेव्हा थरथरतच उडते.

थरथर ही नटाची वैरीण आहे. खाचखळग्यांच्या वाटेने गेलेल्या बैलगाडीचे बोल्ट ढिले होतात, ट्रॅक्टरच्या मडगार्डचे नट महिन्याला एकदा आवळावे लागतात, हे आपण पाहतो. गाडीच्या आसाच्या टोकाची खीळ निघाली तर चाक निखळते, गाडी कलंडते. माणूस उतरतो, कपाळाला हात लावतो आणि खीळ शोधायला मागे जातो. हेलिकॉप्टरात बसलेल्याला उतरता येत नाही. काही जातींच्या हेलिकॉप्टरमध्ये वरचा सगळा पात्यांचा डोलारा उभ्या दांड्यावर एका मोठ्या नटाने धरलेला असतो. व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांनी त्या नटाला थट्टेने ‘येशूचा नट’ असे नाव दिले होते. तो सुटला तर येशूचा धावा करण्यापलीकडे हातात काही उरत नाही, असा त्या थट्टेचा अर्थ. सैनिकांची थट्टा पुष्कळदा भीतीतूनच जन्मते.

आता तुम्ही म्हणाल, ‘मग नट चांगला गच्च आवळावा, त्यात काय एवढे?’ इथेच आपली समजूत चुकते. जितका गच्च तितका चांगला, असे नटाच्या बाबतीत नसते. बोल्ट वरून लोखंडाचा ठोकळा दिसला तरी तो एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. नट आवळताना आपण बोल्टला किंचित ताणतो. ताणलेला बोल्ट पुन्हा आखडायला बघतो, आणि त्या आखडण्याच्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. ताण कमी पडला तर भाग आपसांत हलू लागतात आणि थरथरीने नट मोकळा होतो. ताण जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो, त्याचे आटे चेपतात, किंवा वरकरणी धडधाकट दिसणारा तो बोल्ट पुढे केव्हातरी तुटतो. नट ढिला असला तर निदान हाताला कळते. जादा ताणलेला बोल्ट मात्र मुकाट असतो.

तेव्हा नेमका किती पीळ द्यायचा, हे मोजले पाहिजे. या पिळाला इंग्रजीत टॉर्क म्हणतात. शास्त्राच्या पुस्तकात त्याला बलआघूर्ण असा भारदस्त शब्द आहे. पण गोष्ट रहाटाच्या दांड्याइतकी सोपी आहे. जोर किती लावला आणि मध्यापासून किती अंतरावर लावला, यांचा गुणाकार म्हणजे पीळ. बोल्टवर पाना आडवा लावा. मध्यापासून अर्ध्या मीटरवर, पाण्यासकट ५ किलो भरेल अशी बादली टांगा. ५ किलोचे वजन म्हणजे सुमारे ४९ न्यूटन जोर. त्याला अर्ध्या मीटरने गुणले की साडेचोवीस न्यूटन-मीटर पीळ होतो. पान्याचे स्वतःचे वजन थोडी भर घालते, ती तूर्त सोडून देऊ. हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीच्या पुस्तकात महत्त्वाच्या प्रत्येक नटासमोर असा आकडा छापलेला असतो, आणि मेकॅनिकने तो आकडा पाळायचा असतो.

त्यात आणखी एक मेख आहे. आपण जो पीळ देतो तो सगळा बोल्ट ताणण्याच्या कामी येत नाही. ढोबळ हिशेब असा सांगतात की शंभर हिस्से श्रमातले सुमारे पन्नास नटाच्या तळाशी घासण्यात जातात, चाळीस आट्यांत घासण्यात जातात, आणि खरा ताण देण्यासाठी उरतात ते दहाच. आता आट्यांना तेल लावले तर घर्षण कमी होते आणि त्याच पिळात ताण एकदम वाढतो. म्हणून पुस्तकात नुसता आकडा नसतो. आटे कोरडे ठेवायचे की वंगण लावायचे, आणि लावायचे तर कोणते, हेही लिहिलेले असते. ‘थोडं तेल लावलं तर काय बिघडतंय’ हे आपले घरगुती शहाणपण तिथे घातक ठरते.

पीळ मोजणारा पाना ही तशी फार जुनी वस्तू नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बार या गृहस्थाने १९१८ च्या सुमारास, नळांचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जाऊ नयेत म्हणून असा पाना योजला, असे सांगतात. १९३१ मध्ये जॉन शार्प नावाच्या अमेरिकन माणसाने पीळ दाखविणाऱ्या पान्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण अशा पान्याची निकड साऱ्या जगाला पटली ती दुसऱ्या महायुद्धात. आपली खरी गोष्ट तिथून सुरू होते.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात, लंडनपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, बॅनबरी नावाचे गाव आहे. गाव बाजारपेठेचे. तिथला जनावरांचा बाजार एके काळी युरोपातल्या सर्वांत मोठ्या बाजारांत गणला जाई. तो १९९८ मध्ये बंद झाला. या गावाला पूर्वी वेशी होत्या. त्यांना तिकडे ‘बार’ म्हणत. उत्तरेच्या वेशीचे नाव नॉर्थ बार. वेस गेली, पण रस्त्याला नाव राहिले. आपल्याकडेही वेस पडून जाते आणि बसथांब्याला तिचे नाव राहते, तसेच हे.

१९४२ मध्ये विल्यम ब्रोडी या गृहस्थाने भागीदाराच्या साथीने या गावात पीळ मोजणारे पाने बनविण्याचा उद्योग उभारला. युद्धकाळ होता, लोखंडापासून कामगारापर्यंत सगळ्यावर सरकारचे नियंत्रण होते. त्यामुळे असा कारखाना काढायला सरकारची परवानगी लागली, आणि ती मिळाली. कारण तसेच होते. रोल्स-रॉइसचे मर्लिन हे इंजिन त्या वेळी स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर अशा विमानांत बसविले जात होते. बारा सिलिंडरांचे, २७ लिटरचे ते इंजिन. सिलिंडरांच्या माथ्यावरचे झाकण आणि त्याखालची गास्केट नीट बसली नाही तर गळती होई. झाकणाचे सगळे नट सारख्याच पिळाने आवळले गेले पाहिजेत, एक सैल आणि एक गच्च असे चालणार नाही, हे उघड झाले होते. कारखान्यात रोज नवे हात भरती होत होते. त्या हातांना वीस वर्षांचा सराव कुठून असणार? मग सरावाची जागा मापाने घेतली. नॉर्थ बारच्या नावावरून कंपनीला नाव पडले ‘नॉर्थ बार टूल कंपनी’. पुढे त्याचेच आटोपशीर रूप झाले ‘नॉर्बार’.

योगायोग असा की त्याच १९४२ सालच्या जानेवारीत अमेरिकेत इगोर सिकोर्स्की यांच्या कारखान्यातले आर-४ हे हेलिकॉप्टर प्रथम उडाले. मोठ्या संख्येने बनविलेले ते पहिले हेलिकॉप्टर म्हणता येईल. दोनच वर्षांत ते आपल्या दाराशी आले. एप्रिल १९४४ मध्ये आसामकडच्या लालाघाटच्या तळावरून कार्टर हार्मन या अमेरिकन वैमानिकाने तसले एक हेलिकॉप्टर ब्रह्मदेशच्या जंगलात नेले. एक पडलेला वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक यांना त्याने एकेक करून बाहेर काढले. एकेक करून, कारण यंत्राला त्या दमट उष्म्यात एका वेळी एकच माणूस पेलवत होता. युद्धात हेलिकॉप्टरने माणसे वाचविल्याची ही पहिली घटना मानतात. श्रेय वैमानिकाला मिळते आणि ते मिळालेच पाहिजे. पण तापणाऱ्या इंजिनाला आणि थरथरणाऱ्या नटांना रोज हात लावणारे मेकॅनिकही त्या गोष्टीत होते.

आता त्या पान्याची रचना पाहू. बाहेरून तो एक लांब नळी दिसतो. नळीत एक जाड स्प्रिंग असते. मूठ फिरवली की स्प्रिंग दाबली जाते आणि नळीवरच्या खुणांवर आकडा येतो. समजा आपण ४० न्यूटन-मीटरवर लावला. मग नट आवळू लागायचे. जोवर पीळ चाळीसच्या आत आहे तोवर स्प्रिंग आतल्या सांध्याला जागेवर धरून ठेवते. पीळ चाळीसला पोचला की स्प्रिंगचा जोर कमी पडतो, सांधा सुटतो आणि ‘टक’ असा आवाज होतो. हातालाही झटका कळतो. तिथे थांबायचे. ‘आणखी एकदा ओढून बघू’ म्हटले की माप गेले. हात मुठीच्या मधोमध धरायचा, हिसका द्यायचा नाही. काम झाले की स्प्रिंग पुन्हा सर्वांत खालच्या आकड्यावर आणून पाना पेटीत ठेवायचा, कारण सतत दाबलेली स्प्रिंग हळूहळू आपला जोर बदलते. नट सोडायला हा पाना वापरायचा नाही, आणि हातोडी म्हणून तर कधीच नाही.

मोठ्या नटांना यापेक्षाही मोठा पीळ लागतो. तिथे दोन गडी लांब दांड्याला लोंबकळले तर पीळ मिळेल, पण माप राहणार नाही. त्यासाठी दंतचक्रांचा एक डबा असतो. त्याला आपण पिळाचा गुणक म्हणू. एका बाजूने एक हिस्सा पीळ दिला की दुसऱ्या बाजूने पाच हिस्से बाहेर पडतो. असे टप्पे जोडत गेले की पंचवीसपट, सव्वाशेपट करता येतो. अर्थात फुकट काही मिळत नाही. जितका पीळ वाढतो तितके फेरे जास्त घालावे लागतात. शिवाय तो डबा स्वतः उलटा फिरू बघतो, म्हणून त्याला एक भक्कम हात असतो आणि तो कशाला तरी टेकवावा लागतो. न्यूटनचा तिसरा नियम वर्गात सांगताना हे उदाहरण जरूर द्यावे. नॉर्बारने पान्यांबरोबर असे गुणकही बनविले. हेलिकॉप्टरखेरीज मालमोटारी, आगगाड्या, पवनचक्क्या, तेलविहिरी, जिथे म्हणून नेमका पीळ लागतो तिथे ही हत्यारे जातात.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. पाना नट मोजतो. पान्याला कोण मोजणार? वापरून वापरून स्प्रिंग बदलते, सांधे झिजतात. पाना चाळीसला ‘टक’ म्हणेल, पण खरा पीळ चव्वेचाळीस असेल. दुकानदाराच्या तराजूची वेळोवेळी सरकारी तपासणी होते, त्याच्या वजनांवर शिक्का बसतो, तशीच याची तपासणी लागते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, दुसरी काही पद्धत ठरलेली नसेल तर बारा महिन्यांनी किंवा ५००० वेळा वापर झाल्यावर, यांतले जे आधी होईल तेव्हा, पाना तपासायचा असतो. ब्रोडी घराण्याने नुसते पाने विकले नाहीत; पाने तपासण्याची यंत्रे केली आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळाही उभी केली. अशा प्रयोगशाळेत मुळाशी काय असते, ठाऊक आहे? एक अचूक लांबीचा दांडा आणि त्याला टांगलेली अचूक वजने. म्हणजे आपली मघाची बादलीच! फरक इतकाच की दांड्याची लांबी अतिशय बारकाईने मोजलेली असते, आणि त्या जागी पृथ्वीची ओढ नेमकी किती आहे तेही हिशेबात धरलेले असते. त्या मापांची साखळी थेट देशाच्या राष्ट्रीय मापांपर्यंत जोडलेली असते. इंग्लंडमध्ये ती टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोचते. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत.

हेलिकॉप्टरच्या मेकॅनिकच्या पेटीत आणखीही खास हत्यारे असतात. नट पुन्हा फिरू नये म्हणून त्यांच्या डोक्यांतल्या भोकांतून पोलादी तार ओवतात आणि तिला सारखे वेढे देतात. तार अशी बांधायची की नट सैल होऊ लागला तर तारेने त्याला उलट आवळण्याकडे ओढावे. त्यासाठी एक पक्कड असते. तिच्या मागची मूठ ओढली की पक्कड आपोआप फिरते आणि तारेला एकसारखा पीळ बसतो. पाती एकाच पातळीत फिरतात की नाही हे पाहण्याची जुनी रीत तर ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगवेगळ्या रंगाचा खडू लावायचा. एका उंच काठीला कापडाची पट्टी बांधायची. पाती फिरू लागली की मेकॅनिकने ती काठी जपून, हळूहळू कलती करीत पात्यांच्या टोकांना जेमतेम लागेल इतकी जवळ न्यायची. कापडावर रंगांच्या खुणा उमटत. सगळे रंग एका रेषेत आले तर पाती बरोबर. एखादा रंग वर किंवा खाली दिसला तर त्या पात्याची जुळणी करायची. पुढे या कामासाठी झगमगणारे दिवे आणि थरथर मोजणारी उपकरणे आली.

एवढे सगळे असून अपघात होतातच. ७ डिसेंबर २०११ रोजी अमेरिकेत लास व्हेगासजवळ सहलीचे एक हेलिकॉप्टर डोंगरात कोसळले. वैमानिक आणि चार प्रवासी, पाचही जण गेले. आदल्याच दिवशी त्याची शंभर तासांची तपासणी झाली होती. चौकशीत दिसले ते असे : पात्यांचा कल बदलणाऱ्या यंत्रणेतला एक दांडा उडताना सुटला होता. त्याच्या बोल्टला, स्वतःच अडकून राहणाऱ्या जातीचा नट लावलेला होता. तो झिजलेला असूनही पुन्हा वापरला गेला होता, आणि त्याला राखण म्हणून घालायची फाटीव खीळ नीट घातलेली नव्हती किंवा घातलीच नव्हती. काम करणारा आणि ते तपासणारा, दोघेही थकलेले होते. कामाच्या वेळा बदलल्यामुळे त्यांची झोप पुरी झालेली नव्हती. कामाच्या कागदावर एकेक पायरी स्पष्ट लिहिलेली नव्हती, असेही चौकशी समितीने म्हटले.

दुसरे उदाहरण मोठ्या प्रवासी विमानाचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दुरुस्तीनंतर एका ए-३८० विमानाच्या इंजिनात नायलॉनचे सव्वा मीटर लांबीचे हत्यार विसरून राहिले. ते हत्यार पोटात घेऊन ते विमान ३४ वेळा उडाले, जवळजवळ २९४ तास. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. हत्यार हरवल्याचे कळले होते. पण ते सापडेपर्यंत विमान सोडायचे नाही, हा नियम पाळला गेला नव्हता. म्हणूनच चांगल्या हँगरमध्ये हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. संध्याकाळी एक आकृती जरी रिकामी दिसली तरी कुणी घरी जात नाही. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळेत ही फळी एका रविवारात तयार होईल.

या दोन गोष्टी मी मुद्दाम सांगितल्या. उत्तम पाना असला म्हणजे सगळे साधले, असे कुणाला वाटू नये. पाना खरे बोलतो. पण तो ज्याच्या हातात आहे त्याची झोप झालेली असली पाहिजे, आणि ‘आज काम पुरे होणार नाही’ असे वरिष्ठाला सांगायची त्याला मोकळीक असली पाहिजे.

आता पुन्हा बॅनबरीकडे येऊ. ब्रोडी घराण्याने हा उद्योग ७५ वर्षे चालविला. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्नॅप-ऑन या हत्यारांच्या मोठ्या कंपनीने तो सुमारे ७ कोटी २० लाख डॉलरला विकत घेतला. कारखाना बॅनबरीतच राहिला. मालकी घराण्याकडून गेली. हे ऐकून कुणी हळहळेल. आपल्या मनात घराण्याच्या धंद्याविषयी एक ओढ असते. लोहाराचा भाता, सुताराची पटाशी, कासाराचा साचा बापाकडून मुलाकडे जातो, त्यात काही पवित्र आहे असे आपल्याला वाटते. या ओढीत खरेपणा आहे. बापाचे नाव ज्या वस्तूवर आहे ती वस्तू खोटी निघू नये, असे मुलाला वाटते, आणि पगारी व्यवस्थापकाला ते तितकेच वाटेल याची खात्री देता येत नाही.

पण या चित्राची दुसरी बाजू आपल्याइतकी कुणाला ठाऊक असणार? आपल्याकडे विद्या घराण्यात राहिली आणि पुष्कळदा घराण्यातच मेली. ऐरणीवर लोखंडाचा रंग पाहून पाणी केव्हा द्यायचे, हे म्हाताऱ्या लोहाराला कळे. त्याने ते लिहून ठेवले नाही. लिहायला त्याला कुणी शिकविलेच नव्हते. ज्या घरात जन्म झाला नाही त्या घरची कला शिकायची नाही, असा दंडक होता. म्हणजे हाताला कळणारे माप हातातच अडकून राहिले. माझ्या मते ब्रोडींच्या उद्योगाचे महत्त्व याच जागी आहे. त्यांनी विकले ते मापच. १९४२ मध्ये कारखान्यात आलेल्या नवख्या कामगाराला त्यांच्या पान्याने अनुभवी मिस्त्रीच्या बरोबरीला आणून बसविले, निदान त्या एका नटापुरते तरी. माप एकदा हाताबाहेर काढून आकड्यात ठेवले की ते कुणाच्या जातीचे, कुणाच्या घराचे राहत नाही. म्हणूनच घराणे बाजूला झाले तरी काम चालू राहू शकते. हातचे कसब संपत नाही, त्याची गरजही संपत नाही. फक्त ते वाटून घेता येते.

आपल्या महाराष्ट्राला या विद्येशी देणेघेणे आहे. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात, सुमारे १६० किलोमीटरवर, ‘बॉम्बे हाय’चे तेलक्षेत्र आहे, १९७४ मध्ये तिथे तेल लागले. त्या फलाटांवर काम करणारी माणसे जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने जा-ये करतात. खाली पाणी, वर पाणी, असा पावसाळ्यातला प्रवास. त्यांच्या घरच्या माणसांचा जीव अखेर जुहूच्या हँगरमधल्या कुणा मेकॅनिकच्या पान्यावर टांगलेला असतो. बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९६० च्या दशकापासून बांधलेली ‘चेतक’ हेलिकॉप्टरे पुरात आणि डोंगरात माणसे काढत आली आहेत. या यंत्रांचे वैद्य कुठून येणार? तुमच्याच शाळांतून. आणि मुलगे यावेत तशा मुलीही याव्यात. पिळाचा गुणक हाती असला की मनगटाचा जोर ही सबब उरत नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवितो. शाळेत एक जाड बोल्ट, दोन पट्ट्या, एक लांब पाना आणि एक बादली, एवढे सामान जमवा. बोल्ट भक्कम शिकंज्यात धरा. पाना आडवा ठेवून ठरलेल्या अंतरावर ठरलेल्या वजनाची बादली अलगद सोडा, आणि नट कुठवर फिरला त्याची खूण करा. मग नट सोडून आट्यांना तेल लावा आणि तीच बादली पुन्हा तितक्याच अंतरावर टांगा. नट आधीच्या खुणेच्या पुढे जाईल. जोर तोच, अंतर तेच, मग हा फरक कुठून आला, ते मुलांनाच विचारा. बादलीखाली कुणाचा पाय येऊ देऊ नका, एवढी काळजी घ्या. मुलांनी प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहावा. आणि आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही तरी तो खोडून दुसरा लिहू नये, ही सवय त्यांना तिथेच लावावी. उद्या त्यांतला एखादा मुलगा किंवा मुलगी हँगरमध्ये उभी राहील, रात्रीचे दोन वाजलेले असतील, आणि शेजारी कुणी नसताना नट आवळून झाल्याची सही तिला करायची असेल. त्या सहीखाली माणसे बसून उडणार असतात.